नाना, हात मागे बांधून उभे राहा

वाचकाचं पत्र :

"मी वडोदऱ्यात वाडी भागात राहतो. वय ७०. चौदाव्या वर्षी वर्कशॉपात लागलो, टर्नर (लेथवर काम करणारा) झालो, पुढे फिटिंगही शिकलो. नोकरी सुटल्यावर घरामागच्या शेडमध्ये जुना सहा फुटी लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन), ड्रिल मशीन आणि ग्राइंडर मांडून बसलो. अजूनही आठवड्याला दोन-चार जॉब येतात. कधी पंपाचा शाफ्ट, कधी पिठाच्या गिरणीची बुश (शाफ्टभोवती बसणारी नळी). लेकीचा मुलगा २१ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, लागलाय. 'नाना, मला शिकवा' म्हणत दर रविवारी यायला लागला. पण आमचं जमत नाही. मी म्हणतो बघ, तो मोबाइल काढतो. टूल हातात दिलं की चुकतो, मग मी ओरडतो. गेल्या महिन्यात त्याने चकची (लेथवर जॉब पकडणाऱ्या जबड्यांची) चावी चकमध्येच ठेवून स्विचकडे हात नेला. माझा हात उठला, धाकट्या बहिणीसमोर. तेव्हापासून तो फिरकलेला नाही. मला माझ्या उस्तादांनी असंच शिकवलं, दुसरी रीत मला ठाऊक नाही. लेक म्हणते, डिप्लोमा करून पुन्हा हात काळे कशाला? बायको म्हणते, लेथ भंगारात द्या. नात बारावीला आहे, ती दारात उभी राहून 'हे असं का, ते तसं का' विचारत असते. मुलाला परत कसं बोलावू? सीएनसीच्या जमान्यात माझ्याजवळचं हे कुणाच्या कामाचं आहे का? शिकवण्यासाठी एखादी सरकारी योजना असली तर तीही सांगा. – नाना"

नमस्कार नाना,

आधी त्या थपडेबद्दल बोलू, कारण ती मध्ये आहे तोवर बाकीचं काहीच पुढे सरकणार नाही. चकमध्ये चावी राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती सुटून कुणाच्या कपाळावर बसेल याचा नेम नसतो. तुमच्या पोटात गोळा आला आणि हात उठला, हे मला कळतं. तरीही ते चुकलंच. कमावत्या मुलाला बहिणीसमोर थप्पड बसली की त्याच्या डोक्यात ती थप्पडच राहते, चावी बाजूला पडते.

आज संध्याकाळी त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच. "बाळा, हात उठायला नको होता, चुकलं माझं. चावीचं मात्र मी कधीच सोडणार नाही. रविवारी ये." एवढंच बोला आणि त्याला बोलू द्या. 'पण तूसुद्धा…' हे शब्द तोंडातून निघू देऊ नका.

आला की त्या रविवारी मशीन सुरूच करू नका. दोघं मिळून शेडचे नियम ठरवा, आणि ते तुम्हालाही लागू असू द्या. लेथवर हातमोजे नाहीत. कापताना निघणारा धातूचा कीस हाताने ओढायचा नाही, आकड्याने काढायचा. बाह्या कोपराच्या वर. मनगटावरचा धागा, कडं, गळ्यातली साखळी, कानातले इअरफोन, सगळं दाराशी काढून ठेवायचं. चकच्या चावीवर हात असेल तेवढाच वेळ ती चकमध्ये. हात सुटला की चावी भिंतीवरच्या खिळ्याला. ग्राइंडरवर गॉगलशिवाय उभं राहायचं नाही, आणि चाक व टूल-रेस्ट (टूल टेकवायची पट्टी) यांच्यातली फट ३ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. आणखी एक, 'थांब' हा शब्द ठरवून घ्या. तो कानावर पडला की मशीन चालवणाऱ्याने एकही प्रश्न न विचारता स्विच बंद करायचा. तुम्ही चालवत असाल आणि तो म्हणाला, तरीही. हा शब्द असला की ओरडायची गरज राहत नाही. ओरडल्याने हात दचकतो, आणि फिरत्या चकजवळ दचकलेल्या हाताइतकं धोक्याचं दुसरं काही नाही.

आता तुमच्या उस्तादांच्या रीतीबद्दल. तुमच्या वयाचे बहुतेक कारीगर हेच सांगतात : पहिलं वर्षभर पार्ट धुतले, चहा आणला, झाडू मारला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून घेतलं. ती रीत चालली, कारण मुलगा कोवळ्या वयात यायचा आणि रोज दहा-बारा तास त्याच आवाजात, त्याच वासात असायचा. कुणी काही न सांगताही कसब अंगात मुरायचं. उस्तादालाही घाई नसायची. पोरगा लवकर तयार झाला तर उद्या समोरच दुकान टाकेल, या धास्तीने हातचं राखून शिकवणारेही पुष्कळ होते. तुमच्या नातवाकडे फक्त रविवारची सकाळ आहे. आणि तुमच्याकडे, उगाच गोड बोलत नाही, वयाची सत्तरी आहे. 'बघून शीक' म्हणायला लागणारी वर्षं तुम्हा दोघांकडेही नाहीत. तुम्हाला जे कुणी कधी बोलून सांगितलं नाही, ते आता तुम्हाला बोलून सांगावं लागणार.

हे सोपं नाही, हे मी जाणून आहे. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवलंय, आणि त्या काळात बाहेरून येणाऱ्या मुरलेल्या कारीगरांना काम करताना जवळून पाहिलंय. "आत्ता काय केलंत?" असं विचारलं की उत्तर यायचं, "काही नाही, जरा घेतलं." त्या 'जरा'मध्ये पाच गोष्टी असायच्या. धार तपासली, टूल किती बाहेर आहे ते पाहिलं, आवाज ऐकला, किसाचा रंग पाहिला, मग हँडल फिरवलं. त्यांना त्या वेगळ्या अशा दिसतच नसत. तुमचंही तेच होत असणार. तुम्ही करून दाखवता, नातवाला फक्त हँडल फिरलेलं दिसतं, तो तेवढंच करतो, चुकतो, आणि तुम्ही चिडता.

म्हणून, नाना, हात मागे बांधून उभे राहा. टूल त्याच्या हातात, हँडल त्याच्या हातात, आणि तुमच्याकडे फक्त बोलणं. हात मागे असले की जीभ आपोआप कामाला लागते.

सुरुवात टूल (धातू कापणारं पातं) ग्राइंडरवर घासण्यापासून करा. अर्ध्या इंचाचा चौरस एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) कोरा तुकडा द्या, तुमचं तयार टूल नको. सीएनसीवर तो तयार धारेचा इन्सर्ट बदलतो. धार कशी निघते, कोन कशासाठी असतो, हे त्याच्या हातून कधी गेलेलंच नाही. ग्राइंडरजवळ जाण्याआधी एकच गोष्ट सांगा : धारेच्या खालची बाजू जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, घासता कामा नये, म्हणून तिथे सहा ते दहा अंशांची मोकळीक ठेवायची. मग गप्प राहा. पहिलं टूल तो बिघडवेल. एका सपाट बाजूच्या तीन बाजू होतील, टोक निळं पडेल. निळं पडलं की "हे कशाने झालं?" एवढं विचारा आणि उत्तराची वाट पाहा. दाब फार दिला, हे त्याचं त्याला सापडलं तर पुन्हा सांगावं लागणार नाही. दोन-तीन तुकडे वाया जातील. ती शिकवणीची फी समजा, आणि ती तुम्ही भरा.

ते टूल लावून त्याला फेसिंग घ्यायला, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापायला, सांगा. मधोमध बारीकशी बोंडी उरली तर टूल सेंटरला, म्हणजे जॉबच्या मध्याच्या उंचीला, नाही. तुम्ही हे नजरेनेच ओळखता, पण त्याची नजर अजून तयार नाही. त्याला पट्टीची युक्ती द्या. मशीन बंद ठेवून, गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये सहा इंची पातळ स्टीलपट्टी हलकेच दाबून धरायची. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला. पट्टीचं वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. युक्ती दोन मिनिटांची आहे, पण तिथेच थांबू नका. कागद-पेन्सिल द्या आणि विचारा, असं का होतं? तो वर्तुळ काढेल, त्याला स्पर्शरेषा काढेल. डिप्लोमाला शिकलेली भूमिती इथे उपयोगी पडते, आणि ती तो तुम्हाला समजावून सांगेल. मध्ये न बोलता ऐकून घ्या.

त्यानंतर फोर-जॉ चक, म्हणजे चारही जबडे वेगवेगळे सरकणारा चक. मेन स्विच बंद, चक हातानेच फिरवायचा, डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून जॉब सेंटरला आणायचा. डायलचा काटा एका फेरीत ४० रेघा फिरला तर जॉब २० रेघांनी सरकवायचा, कारण काटा दोन्ही बाजूंचा मिळून फरक दाखवतो. एका वेळी समोरासमोरचे दोनच जबडे घ्यायचे, आणि एक सैल केल्याशिवाय दुसरा कसायचा नाही. एवढं सांगून बाजूला व्हा. तुम्हाला पाच मिनिटं लागतात, त्याला तास लागेल, आणि तो तास तुम्हाला जड जाईल. वाटलं तर घरात जाऊन चहा घ्या. पण "आण इकडे" म्हणत चावी त्याच्या हातातून घेऊ नका. माझ्या मते शिकणाऱ्याच्या हातातलं काम काढून घेणं हे ओरडण्यापेक्षा वाईट. ओरडा माणूस विसरतो, 'तुला जमणार नाही' हे विसरत नाही.

चॅटरचंही, म्हणजे कापताना होणाऱ्या थरथरीचंही, तसंच. जॉब किरकिरायला लागला की तुमचा हात आपसूक हँडलकडे जात असेल. जाऊ देऊ नका. मशीन थांबवून त्याला कारणं मोजायला लावा : टूल फार बाहेर आलंय का, जॉब चकबाहेर फार लांब आहे का, स्लाइडची गिब (तिची ढिलाई काढणारी पट्टी) ढिली आहे का, स्पीड जास्त आहे का, टूलचं नाक फार गोल घासलंय का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा ऐकायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज कशाने गेला हे कुणालाच कळत नाही.

मोबाइलला तुमचा एवढा विरोध का, मला कळलं नाही. तुमच्या वेळी वही असती तर तुम्ही वही काढली असती. फक्त दोन अटी घाला. मशीन चालवणाऱ्याच्या हातात मोबाइल नको, तो स्टँडवर लावायचा. आणि शूटिंग चालू असताना तुम्ही बोलत राहायचं. मुक्या व्हिडिओत हात दिसतो, पण त्या हाताने किती जोर दिला, कुठे सोडला, काय ऐकून थांबला, यातलं काहीच दिसत नाही. आणखी एक सुचवतो, जॉब नीट झाला त्याचा व्हिडिओ फारसा कामाचा नसतो, बिघडला त्याचा ठेवा. बेअरिंग शाफ्टवर चढवताना बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला तर सगळा मार गोळ्यांमधून जातो, आतल्या वाटेवर खळगे पडतात आणि ते बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणायला लागतं. असं एखादं मेलेलं बेअरिंग कापून उघडा, खळगे दाखवा, त्याचा व्हिडिओ करू द्या.

त्याच्याकडूनही घ्या. तुम्ही 'कागदाएवढं ढिलं' म्हणता, तो ड्रॉइंगवर 'एच७' वाचतो. २५ मिलिमीटरच्या भोकाला एच७ म्हणजे मापापेक्षा जास्तीत जास्त ०.०२१ मिलिमीटर मोठं चालेल, लहान अजिबात नाही. त्याला तुमच्या गिरणीच्या बुशसाठी असं माप लिहायला लावा, आणि तुम्ही त्याला मायक्रोमीटर न बघता बोटांनी ती फिट कशी जाणवते ते सांगा. दोघांनाही ते काम नव्याने कळेल.

कुणाच्या कामाचं आहे का, असं विचारलंत. आहे. नव्या मालाचे हजार पार्ट सीएनसीवरच व्हावेत, तिथे लेथने स्पर्धा करू नये. पण मशीन बंद पडतं तेव्हा एकच पार्ट हवा असतो, त्याचं ड्रॉइंग नसतं, आणि तुटलेला तुकडा पाहून मूळ माप ओळखावं लागतं. जुन्या मशीनवरचा अर्ध्या इंचाचा बोल्ट घ्या. नवा मुलगा त्याच्या भोकात एम१२, म्हणजे १२ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट, घालायला जातो, तो दोन आटे फिरतो आणि अडतो किंवा ढिला बसतो, आणि याला वाटतं भोकच खराब झालं. तुम्ही पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायचं माप) लावून सांगता की हा व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा आटा, आहे, इंचाला १२ आटे, कोन ५५ अंश; मेट्रिकचा कोन ६० आणि एम१२ची पिच १.७५ मिलिमीटर. हे त्याला शिकवलं की कारखान्यात मेंटेनन्सवाले अडतील तेव्हा हाक त्याला येईल. ऑपरेटरचा सेटर (मशीन लावून देणारा) होतो, सेटरला मेंटेनन्समध्ये घेतात, तो याच गोष्टींवर.

म्हणून टूल-चक जमलं की त्याला एक अख्खं काम द्या. पिठाच्या गिरणीवाला आला की तुम्ही खुर्चीत बसून राहा. काय आवाज येतो, कधीपासून येतो, शेवटचं ग्रीस कधी केलं, हे नातवाने विचारावं. खोलणं, माप घेणं, बुश करणं, बसवणं, पैसे सांगणं, सगळं त्याचं. पैसेही त्याचेच. शेवटी तुम्ही फक्त स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला (बुशच्या बाहेरच्या घराला) लावून मूठ कानामागच्या हाडाला टेकवा, ऐका, आणि मग त्याला ऐकवा.

लेकीबद्दल. तिला हलक्यात घेऊ नका. तिच्या शाळेची फी त्याच काळ्या हातांनी भरली, हे तिला ठाऊक असणारच. तिने तुमची कापलेली बोटं, उधारीवर अडकलेली बिलं आणि दुखरी पाठही पाहिली असेल. मुलाला त्यातून बाहेर काढलं असं तिला वाटतंय, तर तिच्याशी मानापमानाच्या भाषेत बोलून काय होणार? तिला सांगा की तो नोकरी सोडत नाहीये. तिला शेडमध्ये बोलवा, नियमांचा कागद दाखवा, गॉगल दाखवा. आणि राजमहाल रोडवरून जाताना कलाभवनचा विषय काढा. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते सुरू केलं, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य. यंत्रकाम, सुतारकाम, रंगकाम, चित्रकला अशी हातांची विद्या तिथे पुस्तकाच्या बरोबरीने बसवली. आज तेच विद्यापीठाचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे मुंबईत त्यांच्या पहिल्या सिनेमाच्या वेळी कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्याचं काम घरातच व्हायचं, आणि ते त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. आपल्या शहरात हात काळे करणं कमीपणाचं नव्हतं, आणि फाळक्यांच्या घरात तर ते फक्त पुरुषांचंही नव्हतं.

लेथ भंगारात द्या म्हणणाऱ्या काकूंचं वैतागणं मला रास्त वाटतं. दुपारी दोन ते चार शेड बंद ठेवा आणि पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत मागून घ्या. तोवर कुणी शिकणारं टिकलं नाही तर लेथ विका, पण भंगारात वजनावर नको. चालू मशीन चालू म्हणूनच विका, तुमच्या हाताने चालवून दाखवून.

योजनेचं थोडक्यात सांगतो. तुमच्या मनात बहुधा १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली, कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा असेल. तिच्यात १८ धंदे आहेत. लोहार, कुलूपवाले, हातोडा-अवजारं करणारे आहेत. टर्नर आणि फिटर त्या यादीत नाहीत. तेव्हा त्यासाठी खेटे घालू नका.

राहिली नात. अख्ख्या पत्रात तुम्ही तिला एकच ओळ दिलीत, आणि मला सगळ्यात जास्त त्या ओळीनेच थांबवलं. तुम्ही ज्याला शिकवायला धडपडताय तो रुसून बसलाय, आणि जिला विचारल्याशिवाय राहवत नाही ती दारात उभी आहे. तिला आत घ्या. केस घट्ट बांधून, ओढणी बाहेर ठेवून, तिच्या मापाचा गॉगल आणून. तिचे 'का' तुम्हाला बोलतं करतील, आणि भावाला विचारायला लाज वाटते ते ती विचारून टाकेल. एक वही द्या तिला, तिचे प्रश्न आणि तुमची उत्तरं तिने लिहून काढावीत. भावाला व्हिडिओपेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त होईल. तिची बारावी आहे, म्हणून परीक्षा होईपर्यंत तासाभरापेक्षा जास्त थांबवू नका. आणि निकालानंतर तिने मेकॅनिकलला जायचं म्हटलं, तर लेकीशी बोलणं होईल तेव्हा तुम्ही नातीच्या बाजूला बसा.